खुलासा: १ मिलिमीटर म्हणजे १०० मायक्रॉन नव्हे

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक तक्ता फिरतोय: '१ मिमी = १०० मायक्रॉन'. हे साफ चूक आहे. १ मिमी म्हणजे १००० मायक्रॉन आणि १ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर.

गोंधळ कुठून आला असेल, ते कळतं. आपल्या हातातल्या साध्या मायक्रोमीटरचा (जाडी मोजायच्या उपकरणाचा) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वात लहान माप, ०.०१ मिमी असतो. थिंबलची (त्याच्या फिरत्या नळीची) एक रेघ सरकली की नावावरून वाटतं, एक मायक्रॉन सरकला; कारण मायक्रॉनलाही मायक्रोमीटरच म्हणतात. प्रत्यक्षात दहा सरकलेले असतात! ड्रॉइंगवर २० मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असेल तर तो ०.०२ मिमी, म्हणजे जेमतेम दोन रेघा. तक्त्यावर विसंबून कुणी तो ०.२ मिमी धरला, तर अख्खा लॉट रिजेक्ट होईल आणि खापर फुटेल नव्या पोराच्या माथी. म्हणून हे तळमळीने लिहितोय.

जुने मिस्त्री म्हणतात तो 'थाऊ' तर वेगळाच: इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन.

मिमीचे मायक्रॉन करताना दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे न्यायचं. तो तक्ता ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी ही दुरुस्तीही तिथेच पाठवावी.