शेतात वायरी पसरल्या म्हणजे तेल सापडलं असं नाही

‘शेतात भोकं पाडून सुरुंग लावतायत, खाली तेल सापडलंय, आता जमिनी जाणार, वर भूकंपही होणार’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातली भोकं आणि सुरुंग तेवढे खरे.

याला सिस्मिक सर्वेक्षण म्हणतात. अरुंद, खोल भोकात थोडी स्फोटकं ठेवून वरून माती भरतात. ओळीने जमिनीत टोचलेले, खाली खिळा असलेले मुठीएवढे डबे दिसतात ना, ते जिओफोन. स्फोटाची लहर खाली जाते, खडकांच्या थरांवर आपटून परत येते आणि जिओफोन ती टिपतात. परतीला किती मिलिसेकंद लागले, यावरून थर किती खोल आणि कसे वाकलेत याचं चित्र तयार होतं. काही ठिकाणी स्फोटाऐवजी जमीन थरथरवणारे अवजड ट्रक वापरतात. समुद्रात दाबलेल्या हवेचे फटके.

हादरा जवळ उभं राहिल्यास पायाला जाणवतो, पण भूकंपाची ऊर्जा त्याच्या कैक पटींनी जास्त असते. तरीही घर किंवा विहिरीपासून पुरेसं अंतर राखायला हवंच. तो आग्रह जरूर धरा.

आणि तेल? या चित्रात ते दिसतच नाही, दिसते फक्त ते साठू शकेल अशी जागा. मुंबईजवळच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राची रचनासुद्धा 1960च्या दशकातल्या सर्वेक्षणात दिसली होती. तेल लागलं ते 1974 मध्ये, ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने विहीर खोदल्यावर. चांगल्या दिसणाऱ्या कितीतरी जागी विहिरी कोरड्याच निघतात.