फ्लॅग दे, जानिस घे

(जुलै २०२५) आज दुपारी लेक सोफ्यावर आयपॅड घेऊन लोळत होता. मला वाटलं गेम खेळतोय. जाऊन बघतो तर ट्रेड मशीन, म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंची अदलाबदल जुळते का ते दाखवणारं पान. एका बाजूला आपली टीम डॅलस मॅव्हरिक्स, दुसऱ्या बाजूला जानिसची टीम मिलवॉकी. मला म्हणतो, "बाबा, फ्लॅग दिला तर जानिस येईल ना?"

वय वर्षं दहा! आणि कूपर फ्लॅगला आपण ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेऊन अजून पंधरा दिवस नाही झाले. त्या पोराने मॅव्हरिक्सकडून एक खरी मॅच खेळलेली नाही, आणि आमच्या घरात त्याला विकायला काढलाय.

हे शिकला कुठे, तर आपल्याचकडे. मित्रांनो, आपल्या शनिवारच्या ग्रुपवर खेळाडूंच्या अदलाबदलीच्या या मोसमात १ जुलैपासून काय चाललंय? याला काढा, त्याला घ्या, हा 'असेट', तो 'डेड मनी'. सकाळी चहाच्या आधी चाळीस मेसेज. दिवसभर ऑफिसात जी भाषा ऐकून डोकं उठतं, तीच संध्याकाळी आपण हौसेने बोलतो. आपल्यातल्या दोघांना याच वर्षी कंपनीने 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणून घरी पाठवलं. तेव्हा 'बिझनेस आहे बाबा' असं कुणी म्हणालं होतं का रे?

मला १ फेब्रुवारीची रात्र आठवते. तुम्हीही होतात. आमच्याकडचं हळदीकुंकू उरकलं होतं, बायका निघायच्या गडबडीत, आपण गॅरेजमधल्या खुर्च्या घडी करत होतो. अकरा वाजून गेलेले. एनबीएच्या बातम्या देणाऱ्या शम्स शारानियाची पोस्ट आली: आपला लुका डॉनचिच लेकर्सला, त्यांचा अँथनी डेव्हिस डॅलसला. सगळ्यांनी एकच निदान केलं, अकाउंट हॅक झालंय. मग त्यानेच खाली लिहिलं की हो, खरं आहे. हातात तिळगुळाच्या पुड्या घेऊन पाच मोठे बाप्ये मुकाट उभे होते.

सकाळी लेक लुकाची ७७ नंबरची जर्सी घालूनच पोहे खायला बसला. त्याला सांगायचं माझ्यावर आलं. दोन घास खाऊन त्याने एवढंच विचारलं, "पण लुकाने काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा, आठ महिन्यांपूर्वी आपल्याला फायनलला घेऊन गेलेला. बॉस्टनने ४-१ ने धुतलं ते धुतलं, पण नेलं कुणी होतं? बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात ना, तसा आपल्या टीमचा तेव्हाचा जनरल मॅनेजर निको हॅरिसनने केला. बाजूच्याला पत्ता नाही. आणि वर म्हणे, डिफेन्सने चॅम्पियनशिप मिळते. आणलेला डेव्हिस पहिल्याच मॅचला जायबंदी. महिन्याभरात आपल्या कायरी अर्विंगचा गुडघा गेला. मिळवा चॅम्पियनशिप!

हो, ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला आणि फ्लॅग मिळाला, मान्य. तो निकोच्या अकलेचा नव्हे, पिंगपाँगच्या चेंडूंचा पराक्रम. ग्रुपवर परवा एक महाशय लिहितात, "फ्लॅग मिळाला ना, आता रडगाणं बंद करा." साहेब, ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या कपड्यात इथे आला, त्याच्या इथल्या आठवणींचा व्हिडिओ लागला आणि टॉवेलात तोंड लपवून रडला, तेव्हा तुम्ही नाक कशाला पुसत होतात? ॲलर्जी होती म्हणे. मग त्याने ४५ पॉइंट मारले. आपल्याला हरवलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. हे कुठल्या कॅप शीटवर, टीमच्या पगारांच्या हिशेबात, बसवणार?

आणि हे फक्त डॅलसचं नाही. याच आठवड्यात मिलवॉकीने डेमियन लिलार्डला सोडलं. एप्रिलमध्ये त्यांच्यासाठीच खेळताना त्याची अकिलीज, म्हणजे टाचेमागची शीर, फाटली. उरलेले ११३ मिलियन डॉलर पाच वर्षांच्या हप्त्यांनी देणार, आणि त्यातून पगाराच्या मर्यादेत झालेल्या जागेत नवा खेळाडू माइल्स टर्नर. ग्रुपवर प्रतिक्रिया काय, तर 'स्मार्ट मूव्ह'. अरे, माणूस अजून लंगडतोय!

पैसे त्यांना बक्कळ मिळतात, ठाऊक आहे. आपण सात जन्मात बघणार नाही एवढे. आणि खेळाडूही सोडून जातात, तेही ठीक. गेल्या वर्षी क्ले थॉम्पसन वॉरियर्सला सोडून आपल्याकडे आला तेव्हा मीच पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तिथेही कुणाचा तरी पोरगा ११ नंबर घालून नाश्त्याला बसला असेल. तेव्हा मला तो सुचला नाही, खोटं कशाला बोलू.

पण निदान आपल्या तोंडी मालकाची भाषा नको. डर्क नोविट्स्कीने एकवीस सीझन एकाच टीमकडून, आपल्याच, काढले आणि त्या अरीनाबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. फेब्रुवारीत लुकाला घालवल्याच्या निषेधात लोकांनी शवपेटी आणून ठेवली ती त्याच्याचसमोर. तुमच्यापैकी तिघे तिकडे गेले होते, फोटो आहेत माझ्याकडे.

असो. जरा जास्तच तापलो. लेकावरही ओरडलो, ते नको होतं. तो बिचारा गप्प बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पण बाबा, हा ट्रेड होतच नाहीये. लाल येतंय."

येणारच. जानिसला वर्षाला ५४ मिलियन, फ्लॅगला चौदाच्या आसपास. ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार नको का जुळायला? मी शेजारी बसलो. म्हटलं, आपल्याकडचा गॅफर्ड टाक. टाकला. वॉशिंग्टन टाक. टाकला. तरी कमीच पडत होते. त्याने क्लेच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, टाक.