२० मार्च साऱ्या महाडचा व्हावा, पण गोड करून नको

२०२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतात. अस्पृश्य म्हणून ज्यांना या तळ्याची बंदी होती, ते त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांसोबत तिथलं पाणी प्याले. मंडप पडतील, मोठी माणसं येतील, भाषणं होतील. ते सगळं होऊ दे. पण माझं एक मागणं आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगत असते. हा दिवस तळ्याच्या काठावरून महाडच्या रस्त्यांत यायला हवा. बाजारपेठेत, आळ्यांत, शाळांच्या पटांगणांत. साऱ्या गावाने तो साजरा करायला हवा.

महाड म्हटलं की आपल्याला ओंजळ आठवते. ओंजळीच्या आधी चालणं होतं, हे मात्र विसरलं जातं. कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेचा तो दुसरा दिवस. लोक पाठीला भाकऱ्या बांधून लांबलांबच्या गावांहून आले होते, त्यांत मिसरूड न फुटलेली पोरं होती तशी सत्तरीची म्हातारी माणसंही. त्यांच्यासाठी पिण्याचं पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं, आणि सार्वजनिक तळं तर गावातच होतं. कायदाही त्यांच्या बाजूने होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर लिहूनही ठेवलं होतं. तो कागद खरा केल्याशिवाय परिषद संपवायची नाही, असं परिषदेतले कार्यकर्ते अनंतराव चित्र्यांनी मांडलं आणि बाबासाहेबांच्या मागोमाग सारी परिषद रांगेने, शांतपणे, भर गावातून तळ्याकडे निघाली.

मला तो रस्ता तळ्याइतकाच मोलाचा वाटतो. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीने त्यात रस्तेही आहेत. ती यादी वाचताना मला दर वेळी ही रांग दिसते.

आज २० मार्चला महाडला गेलात तर काय दिसतं? माणसांची रीघ, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं. बाया-बापड्या तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी डोळ्यांना लावतात. ही गर्दी मला फार प्रिय आहे. वर्षभर जिची कुणी विचारपूस करत नाही अशी बाई त्या दिवशी स्वतःच्या पैशाने पुस्तक विकत घेते, लेकीच्या हातात देते. या गर्दीला नाकं मुरडणारे, कचरा आणि गोंगाट मोजत बसणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. इतर जत्रांचा कचरा त्यांना दिसत नाही. पण लोक येतात, तळ्यावर जातात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात आणि परततात. मधल्या पेठेतून जाताना मला नेहमी वाटतं, गाव बाजूला उभं राहून बघतंय. पाहुण्यांचा कार्यक्रम आहे, आपला नाही, असं काहीसं.

आणि हे गावावरही अन्याय करणारं आहे. कारण ही लढाई बाहेरून येऊन कुणी महाडवर लादली नव्हती. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड ही याच मुलखातली माणसं, परिषद उभी राहिली ती यांच्या राबण्यावर. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे गोपाळबुवा वलंगकर तर त्याच्याही कितीतरी आधीचे, महाडजवळच्या रावढळचे. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस आणि चित्रे कायस्थ प्रभू समाजातले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली, तिच्यात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो जन्माने ब्राह्मण असलेल्या गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी. त्या परिषदेला गावात जागा मिळेना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. महाडच्या कुठल्याही घरातल्या मुलाला अभिमानाने सांगता येईल असं यात पुष्कळ आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. गावाचा उत्सव म्हटला की लगेच कडू भाग गाळायची घाई होते. सगळ्यांनी मिळून सत्याग्रह केला, सगळे एकत्र आले, छान झालं, अशी एक गुळगुळीत गोष्ट तयार होते. तसं करणार असाल तर कृपा करून उत्सव करू नका. लोक पाणी पिऊन परतल्यावर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली गेली. मंडपात जेवत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेलं, कितीतरी जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. उलट हात उचलू नका, असं बाबासाहेबांनी आपल्या माणसांना निक्षून सांगितलं. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं, शेण-गोमूत्र, दूध-दही घातलेल्या १०८ घागरींनी. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळं खाजगी असल्याचा दावा लावून कोर्टाची मनाई आणली गेली आणि शेवटचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं! तळं नगरपालिकेचंच ठरलं आणि बंदीची म्हणे अनादी असलेली रूढी मुंबई हायकोर्टापुढे सिद्धच झाली नाही.

हे सगळं रस्त्यावर, मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे. यात आजच्या पिढीला आरोपी करण्याचा प्रश्नच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी लाठी उचलली असेल तर ते ऐकून घेण्याची ताकद नातवंडांत असते, तेवढा विश्वास मी महाडकरांवर ठेवते.

म्हणून पाट्या लावा. परिषदेचा मंडप पडला तिथे, वीरेश्वराच्या देवळाजवळ, ठराव करणाऱ्या आणि तोच ठराव मागे घेणाऱ्या नगरपालिकेच्या दारात, फत्तेखानांच्या जागेवर. प्रत्येक पाटीवर काय घडलं ते चार ओळींत, तारखेसकट. आंबेडकरी जलशांची एवढी दणदणीत परंपरा आपल्याकडे आहे, तिला चौकाचौकात जागा द्या. डीजेच्या भिंतीपेक्षा एक ढोलकी आणि एक चांगला शाहीर मला कधीही चालेल. बॅनरवर मोरे आणि गायकवाड दिसू देत, शुभेच्छुकांची पंचवीस तोंडं नकोत. आणि पेठेतल्या दुकानदारांनी त्या दिवशी दारात पाण्याचा माठ ठेवावा. अनेक संस्था आजही पाणी वाटतात, पण दुकानाच्या दारातल्या माठाचा अर्थ निराळा आहे.

२५ डिसेंबरही यात जोडून घ्यायला हवा. मनुस्मृती दहनाचा तो दिवस अनेक स्त्रिया भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, जड दागिन्यांचं ओझं टाका, मुलींना शिकवा. याच परिषदेच्या भाषणात त्यांनी महाडच्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली होती. कोकणातल्या एका लहानशा गावाला केवढ्या उंचीवर नेऊन बसवलं त्यांनी, आणि गावातल्या किती शाळांत ते भाषण मुलांकडून मोठ्याने वाचून घेतलं जातं?

शताब्दीचा निधी, समित्या, निमंत्रणपत्रिकेवरची नावं यांवरून भांडणं होतीलच, होऊ देत. त्याआधी एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल. १९ मार्चच्या संध्याकाळी भर बाजारात १९२४ चा ठराव आणि १९२७ साली तो रद्द करणारा ठराव, दोन्ही जाहीर वाचावेत. वाचणारे गावातलेच असावेत, सगळ्या आळ्यांतले.

महाडकर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात त्या दिवसांबद्दल काही बोललं जायचं का? परिषदेला गेलेल्यांच्या बाजूचं असो की लाठी घेतलेल्यांच्या, खाली लिहा.