बुकिंग कन्फर्म, पैसे कापलेले आणि काउंटरवर म्हणे फॉरेनर चालत नाही

डोकं फिरलंय नुसतं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही चौघं शांघायहून हांगचौला निघालो, होंगछ्याओ स्टेशनवरून बुलेट ट्रेनने तासाभराचा रस्ता, पुण्याचे लोक लोणावळ्याला सुटतात तसं इथले वीकेंडला तिकडे सुटतात. हॉटेल तीन आठवडे आधी बुक केलेलं, वेस्ट लेकपासून चालत दहा मिनिटं, पैसे भरलेले, कन्फर्मेशन मोबाईलवर. रात्री साडेदहाला पावसात भिजत पोचलो तर काउंटरवरच्या पोरीने पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, कुणालातरी फोन लावला आणि ट्रान्सलेटवर टाईप करून दाखवलं, आम्ही परदेशी पाहुणे घेत नाही. बस्स, विषय संपला.

अरे मग पैसे घेताना झोपला होतात का? नावं इंग्रजीत, पासपोर्ट नंबर भरलेले, तेव्हा नाही दिसलं? आणि कारण मला चांगलं माहितीये, सहा वर्षं राहतोय इथे. चिनी माणसाने आयडी कार्ड मशीनवर ठेवलं की झालं, आमचा पासपोर्ट आला की सगळी माहिती पोलिसांच्या सिस्टीममध्ये भरायची आणि ते यांना येत नाही, शिकायचंही नाही. २०२४ मध्ये सरकारनेच स्पष्ट सांगितलंय की परदेशी आहे म्हणून हॉटेलने कुणाला नाकारायचं नाही. ती चिनी भाषेतली बातमी दाखवली तरी ती नुसती मान हलवत होती. तिच्यावर नाही माझा राग, तिला कुणी शिकवलंच नसणार, राग मालकावर आहे ज्याला आमचे पैसे चालतात आणि आम्ही चालत नाही.

पुढच्या दोन हॉटेलांत पण तेच. शेवटी एका मोठ्या हॉटेलात तिप्पट पैसे मोजून दीड वाजता अंग टाकलं. पहाटे उठून गर्दी व्हायच्या आत 'तुटका पूल' हा वेस्ट लेकवरचा प्रसिद्ध जुना पूल बघायचा होता, त्याच्यासाठीच तर गेलो होतो, अकराला पोचलो तेव्हा पूल कुठला, नुसती डोकी आणि छत्र्या.

दुपारी लिंगयिन मंदिरात गेलो. चौथ्या शतकात भारतातून आलेल्या भिक्खूने हे स्थापन केलं असं तिथलेच लोक सांगतात, समोरच्या टेकडीचं नाव 'उडत आलेलं शिखर', म्हणजे आपल्याकडून उडून इथे आलेलं. काय सुंदर जागा आहे, दगडात कोरलेले बुद्ध, ओल्या झाडांचा वास. आणि मला तिथे उभं राहून रात्रीचं ते काउंटर आठवत होतं, इतकं वाईट वाटलं की मित्रांशी बोलायची पण इच्छा होईना.

आता रिफंड. हॉटेल म्हणतं तुम्हीच आला नाहीत, अ‍ॅपवाले म्हणतात हॉटेलशी बोला. त्या ट्रान्सलेटच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, चार वेळा पाठवलाय. आज बुधवार, अजून एक युआन आलेला नाही.