एकच भाव, काका

आज तिबेटियन मार्केटात एका चांगल्या शिकल्यासवरल्या दिसणाऱ्या गृहस्थांनी साडेनऊशेच्या स्वेटरवर हात ठेवून फर्मावलं, "ए चायना, सहाशेला दे." चायना! ज्यांच्या सैन्यामुळे या तिबेटी विक्रेत्यांच्या आजी-आजोबांना १९५९ नंतर डोंगर ओलांडून यावं लागलं, नेमकं त्यांचंच नाव. स्टॉलवरची बाई एवढंच म्हणाली, "एकच भाव, काका," आणि स्वेटरची घडी घालू लागली.

हा माज नाही हो. माल लुधियानाचा. हंगामाआधी उचलायचा, थोडे पैसे रोख, बाकीचे उधारीवर, थंडी सरली की चुकते. रांगेत सगळ्यांकडे जवळपास तोच माल. एकाने शंभर सोडले की संध्याकाळपर्यंत अख्खी रांग शंभराने खाली येते, लुधियानाचं देणं मात्र रुपयाने कमी होत नाही. त्यात आपली थंडी दोन महिन्यांची. डिसेंबर ढगाळ गेला की जाड जाकिटं गाठोड्यातच राहतात, आणि पुढच्या वर्षी त्यांना डांबरगोळ्यांचा वास.

फूटपाथ अडतो, मान्य. पाटी तिबेटियनची आणि गल्ल्यावर भलताच, असंही दिसतं हल्ली.

पण "यांना सगळं फुकट मिळतं" म्हणणाऱ्यांनी एकदा गोठणगावला जाऊन यावं. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, इटियाडोह धरणाजवळ. १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे तिथे. थंड पठारावरची माणसं चिखलात वाकून धानाची रोवणी शिकली. जमीन कसायची, पण ती यांच्या नावावर नाही. इथे जन्मलेल्या पोरालाही परदेशी म्हणून आर.सी., म्हणजे नोंदणीचा दाखला, काढावी लागते, मुदत संपली की पुन्हा खेटे. बहुतेकांना मत नाही, सरकारी नोकरी नाही. कायद्याने २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस नागरिकच, दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये तेच सांगितलं. तरी २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अट आली: आर.सी. परत करा, वसाहत सोडा. म्हणजे कागद हवा तर घर सोडा!

म्हणून कुणी कौतुकाने "काय चिवट लोक!" म्हटलं तरी डोकं फिरतं. बाकीची दारं बंद असली की माणूस स्वेटरच विकणार ना.

असो. काकांनी मग "लोकर तरी असली आहे का?" म्हणून विचारलं. बाईने आतल्या शिवणीचा दोरा तोडून काडी लावली. दोरा वितळून टोकाला कडक काळा मणी झाला. "हे अ‍ॅक्रेलिक. लोकर जळाली तर केसासारखा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. लोकरीचा तो, वरचा. महाग आहे."

गिऱ्हाईक जाईल म्हणून ती गप्प बसू शकली असती.

काकांनी साडेनऊशे दोनदा मोजून दिले. ते वळल्यावर तिने मागून हाक मारली, "धुतल्यावर दोरीवर टांगू नका काका, लोंबेल. टॉवेलवर आडवा वाळवा."