बुडापेस्ट स्वस्तात होतं, ठरवायला महिने लागत नाहीत

युरोप फिरण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की युरोप म्हणजे सहा महिने आधी प्लॅनिंग आणि लाखोंचा खर्च. भारतातून येणाऱ्यांसाठी व्हिसामुळे ते बरंचसं खरंय, पण इथे जर्मनीत शिकणाऱ्या पोरांनी एवढं घाबरायचं कारण नाही. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट (राहण्याचा परवाना) असेल तर बाकी शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, हंगेरीही त्यात आली) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. आम्ही मित्रमंडळी गुरुवारी रात्री ठरवून शुक्रवारी बुडापेस्टच्या, म्हणजे हंगेरीच्या राजधानीच्या, बसमध्ये बसलो, हॉस्टेलची डॉर्म वाटेतच बुक केली.

खरं सांगू का, त्या शहरात सगळ्यात भारी गोष्टी जवळपास फुकटच आहेत. डॅन्यूब नदीच्या एका काठाला पेस्ट, दुसऱ्या काठाला बुडा. २ नंबरची ट्राम पेस्टच्या बाजूने डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते, साध्या तिकिटात पार्लमेंट, चेन ब्रिज, पलीकडचा किल्ला सगळं दिसतं, आणि रात्री बुडाच्या बाजूला बात्यानी चौकात जाऊन समोर उजळलेलं पार्लमेंट बघत कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही! खायला लांगोश घ्या, तळलेली मोठी पुरी, वर सावर क्रीम आणि चीज, व्हेज पोरांचं पोट एकात भरतं. सेचेनीचे गरम पाण्याचे कुंड मात्र स्वस्त नाहीत, तरी पैसे तिथेच घालवा, १९१३ ची ती पिवळी इमारत आणि थंडीत उघड्यावर गरम पाणी, वसूल आहे.

हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो. एटीएम किंवा कार्ड मशीनने विचारलं तर कायम फोरिंटच निवडा, युरो निवडलात की रेट वाईट लागतो. आणि कागदी तिकीट असेल तर पंच करायचंच, चेकर असतात.