‘सोडलंत’ या शब्दाबद्दल

‘एक पालक’ यांस,

घोडीच्या सहवासात मी पालकांना आणि मुलांना कसं भेटते, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘१७ वर्षं विशेष मुलांना शिकवलंत आणि मग त्यांना सोडलंत. आता लाइफ कोच म्हणून पैसेवाल्यांची दुःखं ऐकता आणि घोडा कुरवाळण्याला थेरपी म्हणता. पुरावा काय? फी गरिबाने कुठून द्यायची? उत्तर नसेलच तुमच्याकडे.’ शेवटचं वाक्य नसतं तर मी शांतपणे लिहिलं असतं. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच त्याला गप्प करायचं, ही कुठली रीत?

एक चूक मान्य करते. लेखात दोन ठिकाणी मी ‘थेरपी’ लिहिलं होतं. हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्याच्या चालीचा वापर करून केलेले उपचार, हे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांचं काम. मी त्यांपैकी कोणी नाही. शब्द बदलला आहे.

पण ‘सोडलंत’? २००४ साली मी पुण्यातल्या एका विशेष शाळेत लागले. एका मुलाच्या दिवसाला चार-चार चड्ड्या बदलल्यात. वेल्क्रोची चित्रकार्डं रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात बसून कापलीत. एका मुलीने ‘पाणी’ म्हणावं म्हणून चौदा महिने तिच्यासमोर पेला धरलाय. चावल्याची खूण अजून डाव्या मनगटावर आहे. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, विशेष शिक्षकाची नोंदणी मी आजही दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवते. सोडणारी बाई हे कशाला करेल?

शाळा का सोडली, तेही ऐका. मुलाला अठरा पूर्ण झाली की आमच्या शाळेतलं त्याचं नाव कमी व्हायचं. त्या दिवशी फाटकाशी उभी असलेली आई विचारायची, ‘बाई, आता?’ माझ्या फायलीत आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेला शिक्षणाचा आराखडा, असायचा, त्यात उद्दिष्टं असायची, पण या प्रश्नाचं उत्तर नसायचं. त्या आईला आयुष्यात कोणी विचारलेलं नसतं की तू रात्री झोपतेस का. मीही नव्हतं विचारलं. १७ वर्षं मुलाच्या प्रगतीची वही भरली आणि वही आणून देणाऱ्या बाईकडे नीट पाहिलं नाही, ही माझी बोच आहे. त्यातूनच मी कोचिंग शिकले. आज माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त याच आया आहेत. ‘पैसेवाले’ तुम्हाला कुठे दिसले?

घोडीपर्यंत मला आणलं ते एका अकरा वर्षांच्या स्वमग्न मुलाने. त्याला कोणाचा स्पर्श सहन व्हायचा नाही. वरातीतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या घोडीला त्याने चाळीस मिनिटं खरारा केला. तो बोलू लागला, असं काही झालं नाही. तसा दावा मी कधी केलेला नाही. पण त्याची आई कुंपणाला टेकून पहिल्यांदा निवांत बसली होती. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. जवळ येणाऱ्याचं अंग ताठ आहे की सैल, हे तो लगेच टिपतो. आई श्वास रोखून लगाम धरते तेव्हा घोडी जागची हलत नाही, कान मागे टाकते. खांदे सैल सोडले की चालायला लागते. ‘ताण घेऊ नका’ हे मी पालकसभांत शंभरदा सांगितलं असेल. घोडी ते न बोलता दाखवते.

पुराव्याचं म्हणाल, तर डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांना पोलिओ झाला होता, घोड्यावर चढायला मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक त्यांनी घेतलं. बाकी अभ्यास ज्याला शोधायचेत त्याने शोधावेत. फीचा हिशेब इथे मांडणार नाही. चारा, नाल, मोतद्दाराचा पगार कोणाला चुकत नाही.

तुम्ही खरंच पालक असाल तर तुमच्या थकव्याबद्दल मला आदर आहे. पण थकव्याने दुसऱ्याची १७ वर्षं एका शब्दात पुसण्याचा हक्क मिळत नाही. शनिवारी सकाळी सात ते नऊ मी पागेवर असते. मुलाला घेऊन या, चपला नकोत, बूट घालून या. आणि स्वतःचं नाव सांगून बोला.